घुमटांचा देश की पुलांचा देश?

मित्रांनो, मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे यंत्र पाहिलेही नसेल. बोटाच्या पेराएवढा फोटो पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचा, ती चौकट उलटी करून माझ्या ट्रेमध्ये ठेवायची आणि बटण दाबायचे. मग खटक असा आवाज व्हायचा आणि समोरच्या चादरीवर तो फोटो दारापेक्षा मोठा होऊन उभा राहायचा. एवढेच माझे काम. पण हे काम मी वर्षानुवर्षे मान वर करून केले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका भिंगे बसवत. ज्या बाईने माझे भिंग बसवले, ती त्यावर फुंकर मारून, फडक्याने पुसून, पुन्हा डोळ्यासमोर धरून बघायची. तिचे समाधान लवकर होत नसे. तिच्या या खोडीमुळेच आज इतक्या वर्षांनीही माझी नजर साफ आहे.

मला विकत घेतले ते एका लाइटवाल्याने. तो नाटक मंडळीत रंगमंचावरचे दिवे सांभाळायचा. त्याची बायको त्याच मंडळीसाठी कपडे शिवायची. राजाचा झगा, राणीचा घेर, पहारेकऱ्यांच्या बाह्या, सगळे तिच्याच हातचे. एकदा मंडळी दोन परदेशांच्या दौऱ्यावर निघाली. दोघांनीही जायचे ठरले होते. पण नेमकी त्याच सुमारास त्यांना मुलगी झाली. बाळ अकरा दिवसांचे, मग कसला दौरा! लाइटवाला एकटाच गेला आणि परत आला तो पेटीभर स्लाइड्स घेऊन. आठवड्याभरात मीही घरात आलो.

पहिला खेळ मला काल झाल्यासारखा आठवतो. खोलीचे पडदे ओढले होते, शेजारीपाजारी दाटीवाटीने बसले होते. एका ट्रेमध्ये घुमटांचा देश होता. निळे, सोनेरी, एकाआड एक घुमट. भिंतींवर दगडात कोरलेल्या वेली, आणि फोटो असे सरळ की जणू पट्टी लावून काढलेत. दुसऱ्या ट्रेमध्ये पुलांचा देश होता. तिथले फोटो मात्र वाकडेतिकडे. पुलावर बसून वाद्ये वाजवणारे म्हातारे, खिडकीतून वाकलेल्या बाया, पायऱ्यांवर खेळणारी मुले. चादरीवर तिसावी स्लाइड होती तेव्हा बायकोने अंधारातूनच विचारले,

"आणि काय हो, माझे कपडे नीट टिकले ना?"

"टिकले म्हणजे काय! एक टाकासुद्धा हलला नाही," लाइटवाला म्हणाला. तो खोकला आणि त्याने माझे बटण दोनदा दाबले. खटक, खटक. एकतिसावी स्लाइड चादरीवर नीट उमटण्याआधीच निघून गेली.

त्यानंतर दर सुट्टीत खेळ व्हायचा. मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, मग स्वतः बटण दाबायचा हट्ट धरू लागली. पण पुलांच्या ट्रेची तिसावी स्लाइड आली की बाप तिच्या हातातून बटण काढून घ्यायचा, खोकायचा आणि दोनदा दाबायचा. पुढची स्लाइड खराब आहे, असे घरात सगळे धरून चालले होते. खराब नव्हती, हे मला ठाऊक होते. पण मला तोंड कुठे आहे? उजेड फेकण्यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

खेळ संपला की तो बायकोला म्हणायचा, "पुढच्या वेळी आपण दोघं." ती म्हणायची, "आधी छत गळतंय ते बघा." आणि दोघे हसायचे. ते 'पुढच्या वेळी' पुढेच सरकत राहिले. मुलगी शिकली, शाळेत इतिहास शिकवू लागली, तिचे लग्न झाले. माझा बल्ब गेला, तो कुणी बदलला नाही. मग एका हिवाळ्यात लाइटवालाही गेला. मला जुन्या रजईत गुंडाळून माळ्यावर ठेवले. तिथे मी किती वर्षे पडून होतो, ते मोजायलाही कुणी नव्हते. माझ्या आतल्या पंख्यात कोळ्याने घर केले. खालून भांड्यांचे, भांडणांचे, हसण्याचे आवाज येत. आपल्याला कुणी विचारत नाही याचे दुःख वेगळे, आणि आपण ऐकतो आहोत हे कुणाला माहीतच नाही याचे वेगळे.

आणि एके दिवशी खालून माझ्या ओळखीचे शब्द ऐकू आले. घुमटांचा देश! पुलांचा देश!

मुलगी, जावई आणि तेरा वर्षांची नात, सगळ्यांना एकदम पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली होती. या वेळी आजीला, म्हणजे लाइटवाल्याच्या बायकोला, घेऊन परदेशात जायचे, नुसते फिरायचे नाही तर काही बघायचे, शिकायचे, असे ठरले होते. देश मात्र ठरत नव्हता.

मुलगी म्हणाली, "घुमटांचाच देश. हजार वर्षांच्या इमारती, संग्रहालयं. शिवाय रस्ते सपाट, आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. पुलांच्या देशात नुसत्या पायऱ्याच पायऱ्या!"

जावई तंतुवाद्ये दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "अगं, संग्रहालयात वाद्यं काचेत असतात. तिथे ती पुलावर वाजतात. मला वाजणारी वाद्यं बघायचीत."

"तुला तारा दिसल्या की देश दिसत नाही!"

"आणि तुला सनावळी दिसली की माणूस दिसत नाही!"

आठवडाभर हेच चालले. जेवणाच्या टेबलावर दोन्ही देशांचे कागद पसरलेले आणि वरण-भाताच्या जागी तंटाच वाढलेला. आजीला विचारले की ती म्हणायची, "मला काय, दोन्ही सारखेच. तुम्ही न्याल तिथे येईन." पण तिचा आवाज मला ओळखता येतो. दोन्ही सारखे नव्हते. दोन्हीकडे लाइटवाला एकटा जाऊन आला होता आणि तिला आता त्याच्याशिवाय जावे लागणार होते. हे ती कुणाला सांगणार?

शेवटी नात म्हणाली, "आजोबांनी दोन्ही देश पाहिलेत ना? मग त्यांनाच विचारू." ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि शिंकत-शिंकत मला खाली घेऊन आली.

दुरुस्तीवाल्याने मला उघडले, कोळ्याला बाहेर काढले, भिंगावरची बुरशी पुसली. "असा बल्ब आता बनत नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे एकच उरलाय. किती टिकेल सांगता येत नाही. हवंय ते बघून घ्या."

रविवारी दुपारी पडदे ओढले गेले. चादर टांगली गेली. माझ्या पोटात उजेड पडला तेव्हा मला रडू यायचे तेवढे बाकी राहिले. घुमट आले. सगळे पुढे वाकून बघत होते. मुलगी हळूच म्हणाली, "बघितलंस? हेच म्हणते मी." जावयाने मान डोलावली. तो हरल्यातच जमा होता.

मग पुलांचा ट्रे लागला. बटण नातीच्या हातात होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मी मनात म्हणालो, आता दोनदा दाब, पोरी. पण तिला कुणी शिकवलेच नव्हते. तिने एकदाच दाबले.

चादरीवर एक बाई उभी राहिली. रंगमंचामागच्या पायरीवर ती बसली होती. तिच्या मांडीवर राजाचा निळा झगा होता. त्याची बाही खांद्याजवळ पार उसवून लोंबत होती. शेजारी पहारेकऱ्यांच्या कपड्यांचा ढीग. बाईने दातात दोरा धरला होता आणि ती फोटो काढणाऱ्याकडे बघून वैतागून हसत होती.

नातीने स्लाइड बाहेर काढून खिडकीपाशी नेली. चौकटीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिले होते. तिने वाचले, "'पहिलाच प्रयोग. पुलाशेजारचं थिएटर. हिनं वाचवलं. घरी सांगायचं नाही.'"

आजी उठली. चादरीजवळ गेली. "लाव गं पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा उजेड टाकला. आजीने त्या झग्याच्या खांद्यावर बोट ठेवले.

"धावदोरा," ती म्हणाली. "कच्चा टाका घालून ठेवला होता, वरून पक्की शिलाई घालायची राहिली. अकरा दिवसांचं बाळ मांडीवर, दौरा दुसऱ्या दिवशी. एका हातानं शिवत होते मी." मग तिचा आवाज फुटला. "चाळीस वर्षं! मरेपर्यंत हा माणूस मला सांगत आला, एक टाका हलला नाही म्हणून!"

ती रडते आहे की हसते आहे, ते कळेना. मग कळले, दोन्ही.

"म्हणजे माझ्यामुळेच फाटला की झगा," मुलगी म्हणाली.

"मग काय! जन्मल्याबरोबर उपद्व्याप," आजी म्हणाली आणि सगळे हसू लागले. आजीने डोळे पुसले. "मला पुलांच्या देशात जायचंय."

"आई, पायऱ्या... आणि ती बाई आता असेल का तरी?"

"नसेना का. तिनं माझी अब्रू राखली आणि मला तिचं नावही माहीत नाही. निदान ती पायरी तरी बघून येते. घुमट काही पळून जात नाहीत."

मुलीने टेबलावरचे आपले कागद गोळा केले.

मी काही त्यांच्याबरोबर गेलो नाही. पण परत आल्यावर आजीने शेजारणीला सगळे सांगितले, ते मी टेबलावरून ऐकले. थिएटर सापडले. त्या बाईचा फोटो त्यांनी दारवानापासून सगळ्यांना दाखवला. कुणीच ओळखले नाही. आजी थकून कपडेपटाच्या खोलीत टेकली. तिथे चार बायका शिवत बसल्या होत्या. एकीला बाहीचा गोल जमत नव्हता, सारखी चुणी पडत होती. आजीला राहवले नाही. भाषा येत नव्हती. तिने हात पुढे केला. त्या बाईने तिच्या बोटांकडे पाहिले, सुईने खरखरीत झालेल्या टोकांकडे, आणि सरकून जागा करून दिली.

आजी संध्याकाळपर्यंत तिथेच शिवत बसली. जावई पुलावर वाजवणाऱ्यांमध्ये रमला. मुलीच्या हातात त्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयाचे तिकीट होते, पण ती गेली नाही. दारात उभी राहून आईकडे बघत राहिली. चार परक्या बायका आपल्या आईला टाका विचारताहेत, आई डोक्यात टपली मारावी तशी चूक दाखवते आहे आणि त्या खिदळताहेत. आईला असे तिने कधी पाहिलेच नव्हते. ती लहान असतानाच आजीने मंडळीचे काम सोडले होते ना.

जाताना विमानतळावर मुलीने आईचा फॉर्म भरला होता. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिले होते, नेहमीसारखेच. परतताना पुन्हा तसाच फॉर्म आला. तिने पेन उचलले, जरा थांबली आणि लिहिले, 'नाटकाचे कपडे शिवणारी.' आजीने चष्मा लावून वाचले. फक्त म्हणाली, "अक्षर जरा मोठं काढायचंस."

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर, पलंगाखाली, कपाटावर माझ्यासारखे कुणी पडलेले असेल. त्याला खाली काढा, धूळ पुसा, एवढे मी मागतोच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. जुने फोटो पाहाल तेव्हा एकटे पाहू नका. ज्यांचे ते दिवस आहेत, त्यांना शेजारी बसवा. यंत्राचा बल्ब गेला तर एखादा दुरुस्तीवाला कुठून तरी शोधून आणेल. 'हा टाका माझ्या हातचा' असे सांगणारे माणूस मात्र शोधून मिळत नाही. ते आज शेजारच्या खोलीत आहे. जा, हाक मारा.