मागच्या रांगेतली खुर्ची

या मंडळी, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे या, जागा आहे. एका गेटवरच्या बाईची गोष्ट सांगतो. गोष्टीत राजा नाही, चमत्कार नाही. तरी मला वाटतं, आपल्या सगळ्यांचा तो वरचा राखणदार कधी थकून खाली आला, तर घटकाभर हिच्याच शेजारी उभा राहील.

शाळा सुटली होती आणि मावशी गेटच्या फटीत उभी होती. गेट ती कधी सताड उघडत नसे. एक मूल मावेल एवढंच. मुलाचा हात आपल्या हातात धरायचा, बाहेरच्या माणसाकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, "कोण आलंय रे?" मुलानं नातं सांगितलं, की त्याचा हात समोरच्याच्या हातात. त्यानं घट्ट धरल्याशिवाय आपला सोडायचा नाही.

एकदा एका आजोबांनी मिशी काढली. नात म्हणाली, "हे कोण, मला नाही माहीत."

आजोबा लालबुंद. "अहो बाई, रोज येतो मी!"

"रोज मिशी येते," मावशी म्हणाली. "आजीला बोलवा."

आजी येईपर्यंत बिचारे उन्हात उभे!

सगळीच मुलं तिला मावशी म्हणत. खरी भाची एकच, पहिलीतली भिंगरी. नवरा गेल्यावर धाकटी बहीण अंगावर पिणारी पोर हिच्या ओटीत टाकून दूर कामाला गेली. येते, येते म्हणत वर्षं गेली. मावशीचं स्वतःचं कोणी नव्हतं. पालकसभेच्या दिवशी ती आधी खुर्च्या मांडायची. सभा सुरू झाली की हात पुसून मागच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसायची, भिंगरीची पालक म्हणून. तेवढा वेळ कुणी पाणी मागितलं तरी उठायची नाही.

आता बहिणीनं पुन्हा संसार मांडला होता. रविवारी येते, पोरीला घेऊन जाते, असा तिचा फोन आला. भिंगरीला हे सांगायला हवं होतं. रोज वेणी सोडताना शब्द ओठांवर यायचे आणि मावशी भलतंच काही बोलायची. आज नको, उद्या सांगू.

बहीण शुक्रवारीच आली.

गर्दी पांगत आली तेव्हा ती गजांपलीकडे दिसली. अंगानं भरली होती. चालणं मात्र तेच, घाईचं.

"ताई, यांना रविवारी सुट्टी नाही गं. गाडी थांबवलीय."

"कपडे तरी भरू दे तिचे."

"राहू दे. नवे घेतलेत सगळे."

भिंगरीचा हात मावशीच्या हातात कधी आला, तिलाही कळलं नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कोण आलंय गं?"

भिंगरीनं आवाज ओळखला होता. "फोनवाली."

बहिणीचा चेहरा उतरला. "हे शिकवलंस तिला?"

"काहीच शिकवलं नाही," मावशी म्हणाली. "तेच चुकलं माझं."

मोठ्या बाई ऑफिसच्या पायरीवरून बघत होत्या. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, मूल ओळखत नसेल तर सोडायचं नाही. नियम तुमचाच आहे. आज नाही म्हणा. पुढचं मी बघते."

मंडळी, नियम तिचा, गेट तिचं आणि पोरीचा हातही तिच्याच हातात. फक्त मान हलवायची होती. बहीण रडली नाही, भांडली नाही. तिनं गजांतून आत हात घातला होता आणि तो तसाच ठेवला होता, रिकामा.

मावशी खाली बसली. "भिंगरे, ही फोनवाली नाही. ही आई. तुझी आई."

"मग तू कोण?"

"मी मावशी. सगळ्यांची आहे तशी."

"तू पण चल."

"गेट कोण बघणार मग?"

ती उठली. पुन्हा विचारलं, अगदी रोजच्या आवाजात, "कोण आलंय?"

"आई?" भिंगरी म्हणाली.

मावशीनं हात हातात दिला. बहिणीची बोटं नीट मिटेपर्यंत आपला सोडला नाही. "रस्त्यानं चालताना आतल्या बाजूला घे तिला. पळते."

मागे अजून दोन मुलं उभी होती. तिनं त्यातल्या पहिल्याचा हात धरला.

पुढच्या महिन्यात पालकसभा होती. मावशीनं सवयीनं सगळ्या खुर्च्या मांडल्या. मग मागच्या रांगेतली शेवटची खुर्ची उचलली, कोठीत नेऊन ठेवली आणि गेटवर जाऊन उभी राहिली.

आता उठाल, घरी जाल. निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा हिचीही आठवण ठेवा. गेटवरची मावशी, एवढं म्हटलंत तरी त्याला कळेल.