बिया काढलेली बोरं

टक्. सासूबाईंच्या स्टीलच्या वाटीत बी पडली.

"चिरा द्यायचा, दाभण घालायचं, बी ढकलायची. यात काय शिकायचं हाय व अर्पिता? तू पोरीले पाह्य."

मी पोरीलाच धरून बसले होते. दीड वर्षाची छकुली मांडीवर, आणि कान मात्र त्या वाटीकडे. परवा तिचं बोरन्हाण. देऊळघाटात आमच्या गल्लीत कोणाचंही बोरन्हाण असो, काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने दुकानातून येतात, पण साखरेतली बोरं माझ्या सासूबाईंच्याच हातची लागतात. बी काढायची, बोरं पाकात मुरवायची, वाळवून साखरेत घोळवायची. पोरं एरवीच्या बोरांना हात लावत नाहीत, आधी हीच वेचतात.

टक्. मग एक बोर हातातून गेलं आणि आवाजच आला नाही.

"आई, त्या बोराची बी..."

"काऊन? मले दिसत नाही म्हणतं काय?"

शेजारच्या चांगुणाकाकू दारात टेकल्या होत्या. "शिकलेल्या सुना आल्या का सासूच्या डोयाची परीक्षा घेतेत, तानुबाई."

आई हसल्या. मी हसले नाही. डॉक्टरांनी आईंना मोतीबिंदू सांगितला तो दिवाळीआधी. ऑपरेशनचं संक्रांतीनंतर पाहू, असं आईंनीच ठरवलं होतं.

पण बोलणार कशी? दिवाळीत छकुलीच्या घशात शेंगदाणा अडकला तेव्हा मी नुसती उभी होते. ओरडायचंही सुचलं नाही. आईंनी तिला हिसकून घेतलं, पालथं धरलं आणि पाठीत थापट्या दिल्या. दाणा बाहेर पडला. जीपने बुलढाण्याला नेईपर्यंत पोरगी रडून झोपलीसुद्धा होती. तेच हात आता बोरांच्या बिया काढत होते.

बोरन्हाणाच्या दिवशी अंगण पोरांनी भरलं. काळ्या फ्रॉकमधली छकुली पाटावर बसून हलव्याची माळ ओढत होती. परातीत मुरमुरे, उसाचे करवे, आणि वेगळ्या ताटात साखरेतली बोरं. पांढरी, खडबडीत, सारखी. कोणत्या बोराच्या पोटात बी आहे ते वरून कळायला मार्ग नव्हता. मी एक उचलून तोंडात टाकलं.

दाताखाली कडक लागलं.

बायांनी गाणं सुरू केलं होतं. आई ताटातून माप भरत होत्या. पोरं ओंजळी करून वाकली होती, त्यांतली निम्मी छकुलीएवढीच.

"आई, थांबा."

गाणं अडखळलं. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. चारचौघींत ते सांगायचं नव्हतं. मी बी तोंडातून काढली आणि आईंच्या मोकळ्या हातात ठेवली. त्यांनी खाली पाहिलं नाही. अंगठ्याने ती बी तळहातावर एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. मग मूठ मिटली.

"चांगुणा, मुरमुऱ्याचं माप भर," त्या म्हणाल्या. "बोरं ओलेच राह्यले औंदा. पाक चुकला माहा."

"तुमचा पाक चुकला?" कोणीतरी विचारलं.

"हाव. चुकते एखाद्या वक्ती."

ताट त्यांनी स्वतःच आत नेलं. पायाने उंबरा चाचपला, पण कोणाचा हात धरला नाही. बाहेर मुरमुरे छकुलीच्या डोक्यावरून घसरले आणि पोरांनी एकच गलका केला.

पाहुण्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. आई ताट मांडीशी घेऊन एकेक बोर फोडत होत्या, दोन्ही अर्धी बोटांनी चेपून पाहत होत्या. लुगड्यावर साखर सांडली होती. जवळ तीच वाटी होती. टक्. बऱ्याच वेळाने, टक्.

मी शेजारी बसले आणि फोडू लागले. त्यांनी नको म्हटलं नाही.

"पोरीच्या आंगावर पडले असते," त्या ताटाकडे पाहत म्हणाल्या. "तोंडातबी गेले असते."

"नाही पडले ना, आई."

छकुली दुडदुडत आली आणि आजीच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. सवयीने तोंड उघडलं. आईंनी फोडलेल्या बोराचा चिमूटभर गर उचलला. हात तिच्या ओठांपर्यंत गेला आणि थांबला. मग तो माझ्याकडे वळला.

"तू पाह्य बरं आधी."

मी तो गर बोटांनी दाबून पाहिला. त्यात काहीच नव्हतं.