कुबेराची चांदणी

कुबेराने सृष्टीच्या आरंभापासून आजवर केवळ एकशे आठ नोटांवर आपली चांदणी उमटवली आहे. त्यांपैकी एकशे चाळीस गेल्या तीन दिवसांत एकट्या सापगावात उमटल्या.

उमटवणारे होते नक्षत्रबाबा. कायमचा मुक्काम हिमालय, सध्या मुरबाडहून जीपने ये-जा. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा भक्ताची पाचशेची नोट भगव्या रुमालात गुंडाळत, डोळे मिटत आणि रुमाल झटकत. नोटेवरच्या नंबरात छोटीशी चांदणी दिसे. दक्षिणा पाच हजार.

"ही घरात ठेव, माई. बाकीच्या नोटा वास काढत येतील. गव्हर्नरची सही कागदावर असते, कुबेराची नोटेच्या प्राणावर."

देवकी पदराची गाठ सोडू लागली. तिच्या लेकीच्या, नम्रताच्या, नर्सिंगच्या प्रवेशाचे ते पाच हजार. सोमवारी शेवटचा दिवस.

"काकू, थांबा जरा," शेजारची संघरत्ना म्हणाली. ती शहापूरच्या एका बँकेत कॅशियर.

"आता भरीन गो, पुढल्या दोन वर्सांचं कोन भरंल? चांदणीच भरंल."

"मग आधी माझ्या नोटेवर उमटू दे."

तिने चार घड्यांची नोट बाबांना दिली. रुमाल झटकला. चांदणी आली, जयजयकार झाला. संघरत्नाने मोबाइल काढला. घरून निघतानाच तिने नोटेचा फोटो घेतला होता.

"बाबा, नंबर बदलला."

"तेजाने आकडे हलतात."

"अक्षरंपण?"

"अक्षरं आधी हलतात."

"नि घड्या कुठं गेल्या?"

"तेजानं इस्त्री झाली आसंल," काळूराम म्हणाला. त्याने परवाच चांदणी घेतली होती, त्यामुळे त्याची श्रद्धा ताजी होती.

संघरत्नाने बाबांची बाही धरून झटकली. चार घड्यांची नोट खाली पडली. काळूरामनेच ती उचलली आणि फोटोशी नंबर ताडला. तोच निघाला.

"मग ही चांदणी येते कुठून?" त्याने विचारलं.

"छापखान्यातून. एखादी नोट खराब छापली, की तिच्या बदली चांदणीची नोट गड्डीत घालतात. रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. माझ्या हातून तर नेहमी जातात."

"म्हंजे पाच हजार देऊन मी बदली कामगार आनला?"

"पाचशेचा."

बाबा तातडीने हिमालयाकडे निघाले. पोलीस पाटलांनी त्यांना शहापूरच्या ठाण्यापर्यंत सोबत केली.

यापुढे कुणी तुमच्या नोटेवर काही उमटवू लागला, तर खुशाल उमटवू द्या. फक्त आधी नंबर लिहून ठेवा. दोन अक्षरं आणि सात आकडे, पेन्सिल पुरते.

सोमवारी देवकीने कॉलेजच्या खिडकीत दहा नोटा भरल्या. त्यातल्या एकीवर चांदणी होती. कधीपासून होती, तिलाही ठाऊक नव्हतं. कारकुनाने पावती पाच हजारांचीच केली.