दंडातली काडी

"ही अजून दोन वर्षं चालेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग आताच का काढायची?"

मूल नको म्हणून डाव्या दंडात बसवलेली ती काडी कातडीखाली बोटाला लागायची. उल्का बाही वर करून बसली होती. रक्तस्राव थांबत नाही, हे तिने पुन्हा सांगितलं. त्यात धोका नाही, आणखी थोडं थांबून बघा, असं डॉक्टरबाईंनी मागच्यासारखंच सुचवलं.

"धोका नाही, ते कळलंय मला," उल्का म्हणाली. "पण रोज ते निस्तरावं मला लागतं."

डॉक्टरबाईंनी हातमोजे घातले.

उल्का जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. अन्वी झाली तेव्हा वर्षभर ती अशी खचली होती, की दुसऱ्या मुलाचं नाव इतक्यात काढायचं नाही, असं तिने आणि शार्दूलने ठरवलं. काडी बसवली आणि पाळीचं ताळतंत्रच गेलं. कधी थेंबभर, कधी आठवडा आठवडा. काळ्या पँटशिवाय ती काही घालेना. अन्वीला पोहायला शार्दूल एकटाच नेऊ लागला, आणि तो जवळ आला की ही कूस बदलायची.

त्यातच पुण्याहून सासूबाई आल्या. त्यांच्याकडे पाळीत देवाला शिवत नसत, आणि इथे सुनेची पाळी संपेचना.  त्या दिवा स्वतः लावू लागल्या. काडीचं आईला सांगू नकोस, उगाच नातवाचा विषय निघेल, असं शार्दूलने बजावलं होतं. उल्काने ते पाळलं. मग एका दुपारी सासूबाई फोनवर बोलताना तिला ऐकू आल्या. आपल्या बहिणीला गर्भाशयाचा कॅन्सर झाला तेव्हा अस्संच सुरू झालं होतं, आणि ही पोर तर काही सांगतच नाही, असं म्हणत त्या रडत होत्या. उल्काने लगेच डॉक्टरची वेळ घेतली.

काडी निघाली. बसमधून तिने शार्दूलला तेवढंच कळवलं. घरी सासूबाईंनी दंडावरची पट्टी पाहिली, तेव्हा तिने त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं.

"म्हणजे आजार नव्हता?"

"नाही, आई."

त्यांनी डोळे पुसले. बराच वेळ त्या तिच्या हातावरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच विचारलं, "आणि आता?"

"आता रक्त थांबेल," उल्का म्हणाली. त्या नातवाचं विचारताहेत हे तिला कळलं होतं. 

शार्दूल त्या दिवशी लवकर आला. हातात केकचा खोका होता.

"आईला सांगितलंस?" तो हसून म्हणाला.

"रक्त थांबावं म्हणून काढली, शार्दूल. दुसरं काही नाही."

त्याने खोका टेबलावर ठेवला आणि तो बूट काढायला वाकला. "मला वाटलं, दुसऱ्या मुलासाठी," तो बुटांकडे बघत म्हणाला. अन्वी धावत आली. "वेअर हाट गेबुर्ट्सटाग?" वाढदिवस कुणाचा, ती विचारत होती.

"कुणाचा नाही गं," उल्का म्हणाली. तिने सुरी आणली, डावा हात अंगाशी धरला आणि चौघांसाठी चार तुकडे कापले.