फुकटचा काळा चुरा

इंदूबाईचं अंगण अख्ख्या वस्तीत नावाजलेलं. बोरी अरबच्या पलीकडची ती काळी, चिकट जमीन. पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल आतच राहायची. म्हणून तीन वर्षांपूर्वी भगवानराव आपल्या भट्टीतला उरलेला काळा चुरा फुकट वाटू लागले, तेव्हा शेजारणीशी भांडून पहिली ट्रॉली तिने आपल्या दारात ओतून घेतली. भट्टी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची. चुरा दगडासारखा बसला, चिखल गेला. वर दर आठवड्याला शेणाचं सारवण. फुकट ते पौष्टिक म्हणतात ना, तसं!

आणि तिची पाच वर्षांची अर्पिता तेच अंगण खरवडून खायची. इंदूबाई धपाटे घालायची, पण सवय जाईना. पोर पांढरी पडत चालली, पोट धरून बसू लागली, पाठ झालेले अंकही विसरली. डॉक्टरने जंताचं औषध दिलं, तेही दोनदा.

एका दुपारी नाहिद आली. मूळची दारव्ह्याची, आता समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत नोकरीला. गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या पाण्यात शिसं वाढलं होतं. ते येतं कुठून हे शोधत, नदीनदीचा गाळ बाटल्यांत भरत ती वर चढत आली होती. आधी गोदावरी, मग प्राणहिता, वर्धा, पैनगंगा, अडाण, आणि आता इंदूबाईच्या घरामागचा नाला. शिसं ज्या खाणीतलं, तसा त्याचा वेगळा ठसा प्रयोगशाळेत ओळखता येतो. समुद्रात सापडलेल्यांपैकी एक ठसा या नाल्यापर्यंत पोचला होता.

"ताई, हे काळं कायचं हाये?" नाल्याकडे धुपून गेलेली अंगणाची कड बघत तिने विचारलं.

इंदूबाईने कौतुकाने सगळं सांगितलं. नाहिदचा चेहरा उतरला. तो चुरा म्हणजे विषच, हे तिने काही न लपवता समजावलं. मग अर्पिताकडे पाहून म्हणाली, "हिचं रक्त तपासा. आजच यवतमाळले न्या."

"तुमीच तपासा ना. बाटल्या हायेत न तुमच्यापाशी?"

"आमचं काम समुद्राच्या पाण्याचं, ताई. रक्त घ्याची परवानगी नाही मले. दोनदा मागतली."

इंदूबाईचं डोकं फिरलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! "समुद्रातल्या मासोयीची काळजी करून राह्यले तुमी, अन् माह्या पोरीची कोणालेच नाही?"

नाहिदने यवतमाळच्या दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. राग तिच्यावर नव्हताच, हे इंदूबाईलाही कळत होतं. ट्रॉलीसाठी आपणच भांडलो, हे तिला गिळवत नव्हतं.

आठ दिवसांनी यवतमाळहून रक्ताचा कागद आला. शिसं नको तितकं होतं. पोट बरं होईल, पण विसरलेलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. इंदूबाईने अर्पिताला बहिणीकडे ठेवलं आणि कुदळ उचलली. नाहिदने बजावलं होतं तसं, धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडून तिने अंगण खणलं, आणि पहिलं टोपलं डोक्यावर घेऊन थेट भगवानरावांच्या दारात नेऊन ओतलं.

त्यांच्या अंगणात लाल मुरूम होता. तो आज पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत भरला.

"तुमच्या दारात काहून नाही टाकला हा चुरा, भाऊ?"

ओट्यावर चार माणसं बसली होती. भगवानराव हसले. "अवं इंदू, मातीच ते. माती खाऊनच मोठे होतात लेकरं. काही नाही होत त्यानं."

तेवढ्यात त्यांची नात निकिता घरातून धावत आली आणि ढिगाशी बसून तिने मूठ भरली. इंदूबाई तिला ओढायला वाकली, पण त्याआधीच भगवानराव ओट्यावरून धडपडत खाली आले.

"निकिते! टाक ते! तोंडात घालू नको! साबण आणा रे कोणी!"

ओट्यावरची माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. इंदूबाईने रिकामं टोपलं उचललं.

"म्हंजे ठाऊक होतं तुमाले," ती म्हणाली. "थांबा. अजून अख्खी ट्रॉली बाकी हाये."