भिमाबाईची परीक्षा

पगारे सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला, तशी भिमाबाईने नागली पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कशाला काढता फोटो?"

"पुस्तिका निघतेय, बाई. नाशिकला माझा सत्कार आहे. त्यात आपल्या त्या दिवसाची हकिगत छापायची आहे."

"छापा की," ती म्हणाली. "खरंच हाय ते."

वीस वर्षांपूर्वी पेठच्या पुढच्या या पाड्यावर आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला धनराज पगारे आले. त्याच पावसाळ्यात साप चावलेला त्यांचा एक विद्यार्थी दवाखान्याऐवजी भगताच्या अंगणात नेला गेला आणि तिथेच दगावला. तेव्हापासून सरांनी अंधश्रद्धा मोडायचा विडाच उचलला. भिमाबाईच्या अंगात देवी यायची. पाड्यातल्या बायका तिच्यापुढे येऊन बसायच्या. सरांनी सगळ्या पाड्यादेखत तिची परीक्षा घेतली. देवी खरी असेल तर या बंद डब्यात काय आहे ते सांगेल, म्हणाले. घुमणाऱ्या भिमाबाईने भात सांगितला. सरांनी झाकण उघडलं, आत बॅटरीचा सेल होता. पोरांनी टाळ्या पिटल्या. "देव नाही, हे सिद्ध झालं," असं सर तेव्हा म्हणाले, आणि पुढे कितीतरी व्याख्यानांतून म्हणत राहिले.

"त्यानंतर कुणी त्रास तर दिला नाही ना तुम्हाला?" हे मात्र ते आज पहिल्यांदाच विचारत होते.

"त्रास कसला? हसली लोकं थोडे दिस. मग यायचीच बंद झाली." तिने पायाशी आलेली कोंबडी हाकलली. "फुलाबाई तेवढी यायची. ही शेजारची. तिला दिस गेले होते. आठव्यात पाय सुजले, डोळ्यापुढं अंधारी यायला लागली. मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, गोटीराम, हिला पेठला दवाखान्यात ने. आधी चार जणी तशाच दवाखान्यात नेऊन वाचल्या होत्या, सर. देवी म्हणायची, हिला ने, की माणसं मुकाट न्यायची. ती नर्सबाई मला हसून म्हणायची, भिमाबाई, तुझी देवी आमच्याच खात्यातली हाय."

सर हसले नाहीत. "आणि गोटीराम?"

"तो म्हणाला, डब्यातला सेल दिसला नाय तुझ्या देवीला, पोटातलं काय दिसतं?"

सरांनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि बराच वेळ त्याचा पट्टा गुंडाळत राहिले.

"मला कुणी कळवलं नाही."

"तुमची बदली झाली होती ना."

इतक्यात आतून एक तरुण मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचेही दिवस भरत आले होते. वाकताना तिने भिंतीला हात टेकला. सरांची नजर तिच्या पायांवर गेली; जोडव्यांच्या बाजूने बोटं टरारून सुजली होती.

"ही पायल. फुलाबाईचीच," भिमाबाई म्हणाली. "ती गेली, ही जगली. मीच वाढवली. जावई दवाखान्यात नेत नाय. त्याच्या आईनं सांगितलंय, घरीच होऊ दे. आशाताई दोनदा येऊन गेली. तुम्ही बोला, सर. तुम्ही शिकलेले."

परड्यात लाकडं फोडणाऱ्या जावयाला, मनोजला, सरांनी बोलावून घेतलं. रक्तदाब म्हणजे काय, सूज का येते, त्याने आई आणि मूल दोघं कशी जातात, हे त्यांनी वहीच्या पानावर आकृती काढून समजावलं. इतकं नीट त्यांनी वर्गातही कधी शिकवलं नव्हतं. मनोज हात बांधून ऐकत होता.

"तुझी सासू यानेच गेली. कळतंय का?"

"हो सर. बरोबर हाय सर."

"मग आज नेतोस?"

"बघू सर. द्राक्षाच्या कामाला जायचंय पिंपळगावला. तिकडून आलो की बघू."

"पायल, तू चल. रस्त्यावर जीप उभी आहे, मी नेतो तुला."

पायलने नवऱ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि तांब्या उचलून आत गेली. मनोज अदबीने नमस्कार करून परड्यात गेला. कुऱ्हाडीचे घाव पुन्हा सुरू झाले.

सर वहीवरच्या आकृतीकडे पाहत बसले. आकृतीत एकही चूक नव्हती. ऊन ओसरीवरून सरकून अंगणात गेलं. रस्त्यावरून जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तरी ते उठले नाहीत. मग त्यांनी परड्याच्या दिशेला एकदा पाहून घेतलं आणि भिमाबाईजवळ सरकले.

"बाई," त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "देवीनं सांगितलं, तर ऐकेल तो?"

"ऐकंल की. आईची आन मोडंल, पण तिचा शब्द नाय मोडायचा."

"मग... एकदा..." त्यांनी वही मिटून बाजूला सारली.

भिमाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ना राग होता, ना टोमणा. रडवेल्या लेकराची समजूत काढावी तशी ती हळूच म्हणाली,

"त्या दिसापासून येतच नाय ती, सर. फुलाबाईच्या वक्ताला मी लय हाका मारल्या."