कौलाच्या दिवशी बांगडा

मी नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा माल उतरवणारा माणूस. मोठं पाणी पाहिलं ते कन्हान नदीचंच. अन् माझी पोरगी रितिका समुद्राकाठचा पोरगा पसंत करून बसली. गौरांग नाव त्याचं, लाकडाची खेळणी बनवते. नागपूरच्या मेळ्यात त्यानं दुकान लावलं होतं, तिथंच जुळलं. म्हणून मी, बायको शामला अन् रितिका त्याच्या गावी आलो.

आल्या आल्या गौरांगची आई म्हणाली, "उद्या सोमवार. देवीला कौल लावू. उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही."

मी म्हनलं, बरं झालं. एवढ्या दूर पोरगी द्यायले माझा जीव होत नव्हता. नाही म्हणायचं काम देवीच करन.

सकाळी चैनच पडेना. ओसरीवर बसलो, उठलो. अंगणात रंगवलेले भोवरे वाळत होते, एक उचलला, ठेवला.

शामला म्हणे, "काहून घिरट्या घालून राहिले? बसा ना एका जागी!"

"तो समुद्र बसते काय? त्याले सांग पहिले!"

अन् निघालो किनाऱ्यावर. तिथं एक बाई बांगडे तळून राहिली होती. पोटात भूक, डोक्यात कल्ला. दोन हाणले. आपल्या कन्हानच्या मासोळीत काटेच काटे, हे तर भाकरीवानी गेले.

परत आलो तर सारे देवळात जायले तयार. गौरांगच्या आईनं माझ्या हातावर फूल ठेवलं अन् वासानं थबकली.

"मासे खाल्लात?"

"हो. मस्त होते."

"अहो, कौल मागणाऱ्यानं त्या दिवशी मासे खायचे नसतात! आता पुढच्या सोमवारी."

आमची गाडी दुसऱ्या दिवशीची. शामलानं कपाळ बडवलं, "दोन मासोळ्यांपायी पोरीचं लग्न अडवलं या माणसानं!"

सारे माझ्याचकडं पाहून राहिले. देवी सुटली, मी अडकलो.

रितिका तेवढी तिथं नव्हती. मागच्या शेडमधी भोवऱ्याले लाख लावत बसली होती. बोटं लाल झालेली.

"तुले करमन काय वं इथं?"

"हो बाबा. अन् तुम्हाले?"

"मले नाही करमणार. तिकडं, तुझ्याबिगर."

तिनं भोवरा खाली ठेवला. "मग येत जा ना. बांगडे खायले."

मी बाहेर आलो. गौरांगच्या आईले म्हनलं, "देवीले सांगा, बापानं हो म्हनलं. पण लग्न नागपुरात, आमच्या नंदनवन मोहल्ल्यातच लागन."

अन् पुन्हा किनाऱ्यावर निघालो. घरात बसवतच नव्हतं.